चुकलेल्या शब्दाला मिळालेलं विश्व

आपल्याकडे वादाची एक जुनी शिस्त आहे. स्वतःचं मत सांगण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं, त्याला पूर्वपक्ष म्हणायचं, आणि मगच उत्तर द्यायचं. चित्रपटांतल्या प्रतिनिधित्वावरून हल्ली जी भांडणं होतात त्यांत ही शिस्त दिसत नाही. दोन्ही बाजू एकमेकींच्या सर्वांत दुबळ्या वाक्यावर तुटून पडतात. म्हणून हा विषय इथे जुन्या पद्धतीने घेतला आहे, आणि समोर एकच चित्रपट ठेवला आहे: डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट या दिग्दर्शक जोडीचा २०२२ सालचा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’. एव्हलिन वांग ही अमेरिकेत लाँड्री चालवणारी मध्यमवयीन चिनी बाई. करखात्याच्या तपासणीसाठी ती पावत्यांचा गठ्ठा घेऊन जाते आणि तिथल्या लिफ्टमध्ये तिला कळू लागतं की विश्वं अगणित आहेत, त्यांत तिच्यासारख्या अगणित एव्हलिन आहेत, आणि सगळ्या विश्वांना वाचवण्याचं काम नेमकं तिच्यावर आलं आहे.

पूर्वपक्ष: माझा पहिला आक्षेप साधा आहे. चित्रपट चांगला की वाईट हे पटकथा, दिग्दर्शन, अभिनय आणि संकलन यांवरून ठरतं. नटाचे आईबाप कुठले यावरून नाही. या चित्रपटाला ऑस्करची अकरा नामांकनं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार मिळाले. पण त्याचं कौतुक ऐका: ‘पहिली आशियाई’ हे शब्द आधी येतात आणि एव्हलिन झालेल्या मिशेल योने पडद्यावर काय केलं ते मागाहून. कलावंताचा याहून मोठा अपमान कोणता? शिवाय हा विनोदी चित्रपट आहे. त्यात सॉसेजसारखी लुळी बोटं असलेली माणसं आहेत, कड्यावर बसून मुक्याने गप्पा मारणारे दोन दगड आहेत. असल्या धमाल फार्सच्या पाठीवर सामाजिक न्यायाचं ओझं कशासाठी? कोणत्या रंगाचे किती, कोणत्या भाषेचे किती, असा हजेरीपट घेऊन बसलात की हसू मरतं आणि कलाही मरते.

उत्तरपक्ष: हजेरीपटाबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. चेहरे मोजून काही सिद्ध होत नाही, कारण चिनी चेहरे हॉलिवूडमध्ये पूर्वीही होतेच. धोबी होता, आचारी होता, नोकर होता, गुंड होता, कोड्यात बोलणारा ज्ञानी म्हातारा होता. पण यांतल्या प्रत्येकाला आयुष्य एकच दिलेलं होतं, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या गोष्टीत कामी येण्यापुरतं. म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. गोष्टीने एखाद्या माणसाला किती शक्यता दिल्या? आणि त्याच्यावर हसून झाल्यावर गोष्ट त्याच्यापाशी थांबली की त्याला तिथेच टाकून पुढे गेली? हे दोन प्रश्न लावून पाहिले तर विज्ञानकथा आणि विनोद ही या चित्रपटाची अडचण ठरत नाही. तीच त्याची हत्यारं आहेत. बहुविश्वाची कल्पना सुपरहिरोंच्या चित्रपटांत लोकप्रिय नायकांना एकत्र आणायला वापरून वापरून बोथट झाली आहे. इथे ती अशा बाईच्या हाती दिली आहे जिच्याकडे बघून कोणीही ‘लाँड्रीवाली’ एवढंच म्हणेल. तीच बाई एका विश्वात चित्रपटतारका आहे, दुसऱ्यात गायिका, तिसऱ्यात आचारी, आणखी एकात रस्त्यावर पिझ्झाची पाटी फिरवणारी. आणि आपल्यासमोरची एव्हलिन निवडली जाते ती ती सर्वांत अयशस्वी आहे म्हणून. तिने जे जे सोडलं, त्यातून दुसऱ्या कुठल्या तरी एव्हलिनचं यश फुटलं.

हे वरून चिकटवलेलं नाही, याचा पुरावा पटकथेच्या जन्मातच आहे. दिग्दर्शकांनी सुरुवातीला मुख्य भूमिकेसाठी जॅकी चॅनचा विचार केला होता. पुढे त्यांनी पटकथा फिरवली आणि गोष्ट बाईकडे दिली. पराक्रमी बापाची गोष्ट आपण शंभरदा पाहिली आहे. पण करखात्याच्या पावत्या, व्हीलचेअरवरचे वडील, नवऱ्याने तयार ठेवलेले घटस्फोटाचे कागद, मुलीचं प्रेमप्रकरण आणि संध्याकाळच्या पार्टीचा स्वयंपाक हे सगळं एकाच डोक्यात घेऊन वावरणारी बाई मध्यभागी आली, तेव्हा शीर्षकालाच अर्थ आला. सगळं, सगळीकडे, एकाच वेळी: घर आणि दुकान दोन्ही ओढणाऱ्या कुठल्याही बाईच्या साध्या मंगळवारचं हे वर्णन आहे. निवड बदलल्यामुळे कथा कमकुवत झाली नाही. तिला तिचा विषय सापडला.

पूर्वपक्ष: शक्यता दिल्या म्हणता, मग सुरुवात लाँड्रीपासूनच का? अमेरिकेतला चिनी माणूस म्हणजे लाँड्री, चिनी आई म्हणजे कडक शिस्तीची आणि टोचून बोलणारी, चिनी शरीर म्हणजे कुंग फू, आणि चिनी तोंड म्हणजे मोडकं इंग्रजी. साचे मोडायचे सांगून चित्रपटाने चारही साचे जपून ठेवले आहेत. एखाद्या गोऱ्या दिग्दर्शकाने एकट्याने हेच केलं असतं तर तुम्हीच त्याला धारेवर धरलं असतं. ज्यावर काल आक्षेप घेतला तेच आज घरच्या माणसाने केलं म्हणून गोड कसं लागतं?

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, म्हणून त्याला सावकाश उत्तर देतो. आधी लाँड्री. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी आलेल्या चिनी माणसांवर १८५२ पासून परदेशी खाणकामगारांचा कर लादला गेला. खाणींतून आणि नंतर एकेका धंद्यातून हुसकावून लावल्यावर जी थोडी कामं त्यांच्या वाट्याला उरली, त्यांत कपडे धुणं होतं. १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर शहराच्या मंडळाची परवानगी हवी. शहरात तेव्हा सुमारे ३२० लाँड्र्या होत्या आणि त्यांतल्या ३१० लाकडी होत्या. दोनशेच्या आसपास चिनी लाँड्रीवाल्यांनी परवानगी मागितली, सगळ्यांना नकार मिळाला; चिनी नसलेल्या ऐंशीजणांचे धंदे मात्र तशाच इमारतींत बिनघोर चालू राहिले. ‘यिक वो’ या लाँड्रीचा मालक २२ वर्षं तोच धंदा करत होता. त्याला अटक झाली. १८८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: कायद्याचे शब्द निःपक्षपाती असले तरी त्याचा अंमल पक्षपाती असेल तर ते घटनेविरुद्ध आहे. त्याआधी, १८८२ मध्येच, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला होता, आणि तो १९४३ पर्यंत रद्द झाला नाही. हे डोळ्यांसमोर ठेवून चित्रपटाचं पहिलं प्रकरण पाहा. कपड्यांच्या पिशव्या, पावत्या, आणि टेबलापलीकडे बसलेली अधिकारी, जी एका कागदावर गोल करून विचारते की हा खर्च धंद्याचा कसा. लाँड्री आणि सरकारी टेबल ही चिनी-अमेरिकन इतिहासातली दोन खरी ठिकाणं आहेत. साचा तेव्हा होतो जेव्हा पात्र त्यात संपतं. इथे पात्राची सुरुवात तिथून होते.

कुंग फूचंही तसंच. एव्हलिनचा नवरा वेमंड करखात्याच्या इमारतीत कमरेचं पाऊच सोडून त्याच्या पट्ट्याने रखवालदारांना लोळवतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण चित्रपट त्या टाळ्यांवर थांबत नाही. ज्याला एव्हलिन आयुष्यभर भोळसट समजत आली, तो नवरा रडवेला होऊन सगळ्यांना लढाई थांबवायला सांगतो; त्याचं म्हणणं एवढंच की काही कळेनासं झालं की माणसाने निदान दयाळूपणे वागावं. त्यानंतरच्या मोठ्या मारामारीत एव्हलिन एकेका हल्लेखोराला त्याला मनातून जे हवं आहे ते देते. कोणाची दुखरी मान सरळ करते, कोणाला हरवलेल्या माणसाचा सुगंध परत देते. आणि ती करखात्यातली अधिकारी डिअर्ड्री? सूड उगवायची पुरेपूर संधी चित्रपटाला होती. पण त्याने तिलाही इतर आयुष्यं दिली. लुळ्या बोटांच्या विश्वात ती आणि एव्हलिन एकमेकींच्या प्रेमात आहेत. शक्यतांचा हक्क फक्त आपल्या माणसांपुरता ठेवला असता तर या चित्रपटाची माझ्यालेखी निम्मी किंमत उरली असती.

आता मोडकं इंग्रजी. इथे एक तुलना करून पाहा, कारण ती आपल्याशीही जोडलेली आहे. १९८६ सालचा ‘शॉर्ट सर्किट’ हाही विज्ञानकथेवरचा विनोदी चित्रपट होता. त्यात बेन नावाचा भारतीय इंजिनियर आहे, आणि ती भूमिका फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडवून आणि उच्चार वाकवून केली. बेन इंग्रजी वाक्प्रचार चुकीचे बोलतो, लोक हसतात, दृश्य संपतं. १९८८ च्या दुसऱ्या भागात तर हेच पात्र मध्यवर्ती झालं. भारतीय वंशाचा विनोदी नट अझीझ अन्सारी याने २०१५ मध्ये याबद्दल लिहिलं: लहानपणी पडद्यावर आपल्यासारखा माणूस दिसल्याचा आनंद झाला होता, आणि तो भारतीय नव्हताच हे पुढे कळलं. आता एव्हलिनकडे या. तिला बहुविश्व समजावून सांगायचं आहे आणि त्यासाठी ती पॅरिसमधल्या आचारी उंदराच्या ‘रॅटाटुई’ या चित्रपटाचा दाखला देते. पण नाव तिच्या तोंडून ‘रकाकुनी’ असं येतं, आणि उंदराच्या जागी रकून हा प्राणी येतो. मुलगी आणि नवरा तिला दुरुस्त करतात, आपणही हसतो. दोघांचा विनोद इथवर अगदी एकसारखा आहे: परदेशातून आलेल्या माणसाने नाव चुकवलं. फरक पुढे आहे. काही वेळाने आपण एका विश्वात पोहोचतो, जिथे एका आचाऱ्याच्या टोपीखाली खरोखरच रकून बसला आहे आणि केस ओढून त्याच्याकडून स्वयंपाक करवून घेत आहे. एव्हलिनचा चुकलेला शब्द तिथे खरा आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे त्या रकूनला पकडून नेतात, तेव्हा हीच एव्हलिन त्या रडणाऱ्या आचाऱ्याला खांद्यावर घेऊन गाडीमागे धावते. बेनच्या चुकीवर दृश्य संपत होतं. एव्हलिनच्या चुकीला एक अख्खं विश्व मिळालं, आणि त्या विश्वातल्या दुःखाला आपण हसता हसता भिडलो. विनोद माणसाच्या बाजूने उभा राहतो म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

पूर्वपक्ष: सुंदर. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करता आहात. चित्रपट भिडतो तो आई आणि मुलीमुळे. मुलीला आई समजत नाही, आईला मुलगी समजत नाही. ही गोष्ट लातूरची असू शकते, लिस्बनची असू शकते. पात्रं पोलिश असती किंवा मेक्सिकन असती तरी आपण तितकेच रडलो असतो. जे सार्वत्रिक आहे त्याला वंशाचं लेबल लावून तुम्ही ते लहान का करता?

उत्तरपक्ष: सार्वत्रिक गोष्ट हवेत घडत नाही, कुठल्या तरी घरात आणि कुठल्या तरी भाषेत घडते. या घरात एव्हलिन नवऱ्याशी मँडरिन बोलते, वडिलांशी कँटोनीज, आणि मुलीशी इंग्रजीची भेसळ. मुलगी जॉय हिची मैत्रीण बेकी घरी आलेली आहे. बेकीबद्दल बोलताना एव्हलिन ‘तो’ म्हणून जाते आणि मग सांगते की चिनी भाषेत दोघांना एकच शब्द आहे, किती सोपं आहे. जिथे क्रियापदसुद्धा बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं त्या मराठीच्या वाचकाला यातली गंमत जरा जास्तच कळेल. पण खरा घाव त्यानंतर बसतो. जॉयला आजोबांना सांगायचं आहे की बेकी ही तिची प्रेयसी आहे. ती आजोबांच्या भाषेत सुरुवात करते, अडखळते, शब्द शोधते. तेवढ्या फटीत आई शिरते आणि आजोबांना सांगून टाकते: ही जॉयची चांगली मैत्रीण. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नाही, पण मुलीचं आख्खं आयुष्य त्या एका शब्दाखाली झाकलं गेलं. जॉय रागावून गाडीकडे निघते. आई मागे धावते, काहीतरी सांगायचं आहे असा तिचा चेहरा होतो, आणि तोंडून निघतं ते एवढंच की तू जाडी होत चालली आहेस, नीट खात जा.

या दृश्यातून भाषा काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. मुलीला आजोबांची भाषा सफाईने आली असती तर आईला ती फट मिळाली नसती. आई परदेशात वाढलेल्या मुलीच्या अडखळण्याचा फायदा घेते, आणि तो घेते कारण तिला स्वतःला वडिलांच्या नापसंतीची भीती अजून सुटलेली नाही. हे तीन पिढ्यांचं गणित स्थलांतरातून आलं आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेलं मराठी मूल आजीकडे जेवायला मागण्याइतकी मराठी बोलतं, पण स्वतःचं मन उलगडण्याइतकी नाही. त्या घरांत हे दृश्य कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. पात्रं मेक्सिकन असती तर त्यांचीही अशी गोष्ट झाली असती, पण तिच्यातली फट वेगळ्या जागी असती आणि ती शोधायला त्या घराची माहिती असलेला माणूस लागला असता. प्रतिनिधित्वाचा कलेशी संबंध हा आहे: ज्याला फट कुठे आहे ते ठाऊक आहे, त्याच्या हाती लेखणी आणि कॅमेरा असणं. डॅनियल क्वान स्थलांतरितांच्या घरात वाढला आहे, आणि ते पडद्यावर दिसतं.

पूर्वपक्ष: शेवटचा आक्षेप. ‘आशियाई’ हा शब्दच किती सैल आहे. मिशेल योचा जन्म मलेशियातल्या इपोहचा, वेमंड झालेल्या के हुई क्वानचा सायगॉनचा, आजोबा झालेल्या जेम्स हाँगचा अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. सगळ्यांना एका पिशवीत कोंबायचं आणि ‘आशिया जिंकला’ म्हणायचं, हा हॉलिवूडचाच जुना आळस आहे. यात भारत कुठे आहे? इराण कुठे आहे? आणि एका रात्रीच्या सात बाहुल्यांनी व्यवस्था बदलते का? पुरस्कार हा उद्योगाने स्वतःला दिलेला दिलासा असतो.

उत्तरपक्ष: ‘आशियाई’ या शब्दाबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि एका चित्रपटाने व्यवस्था बदलत नाही हेही खरं आहे. या चित्रपटात आपण नाही, आणि असायलाच हवं होतं असंही मी म्हणणार नाही. तो वांग कुटुंबाचा आहे. पण ‘पहिली’ हा शब्द का उच्चारावा लागतो, त्याचा इतिहास पाहा. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकऱ्यांवरच्या चित्रपटात मुख्य शेतकरीण लुईस रायनर या युरोपीय अभिनेत्रीने रंगवली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवलं. ॲना मे वाँग ही चिनी-अमेरिकन तारका तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होती. ती भूमिका तिला मिळाली नाही. त्याआधी १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी मर्ल ओबेरॉनला याच पुरस्काराचं नामांकन होतं. तिचा जन्म मुंबईचा. पण ही गोष्ट तिने जन्मभर लपवली आणि आपण टास्मानियाच्या असल्याचं सांगितलं, कारण आईकडून आलेलं रक्त कळलं असतं तर तिचं करिअर संपलं असतं. म्हणून मिशेल योबद्दल बोलताना जाणकारांना ‘आपली आशियाई ओळख उघड सांगणारी पहिली’ असं जपून म्हणावं लागतं. मुंबईत जन्मलेल्या मुलीला स्वतःचं गाव नाकारावं लागलं, हा त्या ‘पहिली’ या शब्दाचा खरा अर्थ आहे. तो उच्चारल्याने योचा अभिनय लहान होत नाही. इतकी वर्षं कोणाला दाराबाहेर ठेवलं होतं ते कळतं.

आणि बाहुल्यांचं म्हणाल, तर एका माणसाचा हिशेब पुरेसा आहे. के हुई क्वान व्हिएतनाममधून निर्वासित होऊन अमेरिकेत आला. १९८४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’मध्ये तो नायकाचा चुणचुणीत सोबती होता, १९८५ मध्ये ‘द गूनीज’मध्ये झळकला. तो मोठा झाला आणि कामं आटली, कारण मोठ्या आशियाई पुरुषासाठी लिहिलेल्या भूमिकाच नव्हत्या. त्याने पडद्यामागे मारामारीची दृश्यं बसवण्याचं काम धरलं. २०१८ चा ‘क्रेझी रिच एशियन्स’ पाहून त्याला पुन्हा अभिनय करावासा वाटला, आणि वेमंडची भूमिका मिळाली. सुमारे दोन दशकं वाया गेली ती त्याच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे, हे वेमंडच्या पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. १९२९ मध्ये जन्मलेला जेम्स हाँग, चित्रपटातले आजोबा, २०२३ च्या नट-संघटनेच्या पुरस्कार सोहळ्यात म्हणाला की त्याच्या तरुणपणी निर्माते आशियाई नट पुरेसे चांगले नाहीत आणि तिकीटबारीवर चालत नाहीत, असं सांगत. जास्तीत जास्त अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात दहा कोटींहून अधिक कमावले. पुरस्काराला तुम्ही दिलासा म्हणा; तिकीटबारीवरचा आकडा प्रेक्षकांनी दिला आहे. ऐंशी-नव्वद वर्षं ज्या कारणाने माणसं बाजूला ठेवली ते कारणच खोटं होतं, एवढं तरी त्याने सिद्ध केलं.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. विनोदी विज्ञानकथेत प्रतिनिधित्व शोधायचं तर चेहरे मोजू नका. कोणाच्या वाट्याला किती आयुष्यं आली ते मोजा, आणि हसून झाल्यावर कॅमेरा कोणाजवळ राहिला ते पाहा. एव्हलिन शेवटी वडिलांना बेकीची खरी ओळख करून देते, नेमक्या शब्दात आणि वडिलांच्या भाषेत. मग सगळं कुटुंब पुन्हा त्याच करखात्यात, त्याच टेबलासमोर, नव्याने भरलेले कागद घेऊन बसतं. विश्व वाचवलेल्या बाईचीही पावत्यांतून सुटका झालेली नाही. पण तिच्या शेजारी या वेळी तिची मुलगी आहे, आणि टेबलापलीकडची अधिकारी बोलत असताना तिच्या कानांवर बाकीच्या सगळ्या आयुष्यांचा गलका येतो आहे.